महिन्याला एकदा भरणारी बालमेंदूविकार ओपीडी: ड्रॅव्हे सिंड्रोम असलेल्या मुलीच्या आजोबांचा अभिप्राय

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी, एका धर्मादाय रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत, महिन्यातल्या एका शनिवारी बालमेंदूविकारतज्ज्ञांची ओपीडी भरते. राजापूरपासून सावंतवाडीपर्यंतचे आणि खाली देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडचे पालक तिथे मुलांना घेऊन येतात. माझ्या नातीला ड्रॅव्हे सिंड्रोम हा जनुकीय अपस्मार असल्याचे निदान याच ओपीडीत झाले आणि तिचे उपचारही इथेच चालू आहेत, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही. या पट्ट्यात ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना ते आशाताईंकडे चौकशी केल्यास सहज कळेल. माझे मत आधीच नोंदवतो. आजाराची हकिकत विचारून घेण्यात आणि तिच्यावरून निदानापर्यंत पोहोचण्यात ही सेवा मोठ्या शहरातल्या रुग्णालयांच्या तोडीची आहे. मात्र दोन ओपीडींच्या मधल्या महिनाभरात ती कुटुंबाला जवळजवळ वाऱ्यावर सोडते.

नोंदणी सकाळी आठ वाजता सुरू होते. केसपेपर झाला की लगेच डॉक्टरांकडे पाठवत नाहीत. एक अनुभवी परिचारिका पालकांना बाजूच्या खोलीत बसवते आणि छापील मराठी प्रश्नावली हातात घेऊन एकेक प्रश्न शांतपणे विचारते. पहिली आकडी कितव्या महिन्यात आली, त्या वेळी ताप होता का, तो थर्मामीटरने मोजला होता की नुसता हाताला लागला होता, आकडी किती मिनिटे चालली, सगळे अंग उडत होते की एकच बाजू, पुढच्या वेळी तीच बाजू होती की दुसरी, आंघोळ घालताना किंवा घातल्यावर कधी आकडी आली का, लस टोचल्यानंतर एक-दोन दिवसांत आली का, आणि या सगळ्याच्या आधी बाळ मान धरणे, कुशीवर वळणे, ओळखीचे हसणे हे वेळच्या वेळी करत होते का, असे ते प्रश्न आहेत. उत्तर गुळमुळीत आले तर सिस्टर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतात. रांगेत बसलेल्यांना हा वेळकाढूपणा वाटतो, आणि तसे बोलून दाखवणारेही असतात. परंतु या सेवेचा कणा ही प्रश्नावलीच आहे.

याचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. साधी तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते. ती सर्वांगाला येते, पंधरा मिनिटांच्या आत, बहुतेक वेळा काही मिनिटांतच थांबते, त्याच दिवशी पुन्हा येत नाही आणि मुलाच्या वाढीवर मागे काही ठेवून जात नाही. ड्रॅव्हे सिंड्रोमची सुरुवात तिच्यासारखीच दिसते, पण तपशील वेगळे असतात. तोवर ठणठणीत वाढणाऱ्या, बहुधा पाच ते आठ महिन्यांच्या बाळाला, अनेकदा अगदी थोड्या तापात, शरीराच्या एकाच बाजूला झटके सुरू होतात आणि ते वीस-तीस मिनिटे, क्वचित त्याहूनही जास्त चालतात. काही आठवड्यांनी पुन्हा तसेच होते, आणि या वेळी कदाचित दुसरी बाजू उडत असते. ही बाजू बदलण्याची खूण फार मोलाची आहे. मेंदूत एका जागी व्रण किंवा गाठ असती, तर झटके सहसा त्याच बाजूला येत राहिले असते; बाजू बदलते याचा अर्थ दोष एका जागेचा नसून सगळ्या मेंदूच्या जडणघडणीतला असण्याची शक्यता जास्त.

आमच्या पुढे नंबर असलेल्या एका तरुण आईने सिस्टरांना सांगितलेले वाक्य मला आठवते: ‘कधी उजवो हात-पाय उडता, कधी डावो, आणि थांबताच नाय.’ सिस्टरांनी पेन थांबवून तिला ते पुन्हा सांगायला लावले आणि प्रश्नावलीच्या समासात लाल खूण केली. त्या आईने आधीच्या ठिकाणी हे सांगितलेच नव्हते, कारण तिला कोणी विचारले नव्हते.

आंघोळीचा प्रश्नही आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. कोकणात बाळाला तेल चोळून, न्हाणीतल्या चुलीवर तापवलेल्या कढत पाण्याने न्हाऊ घालण्याची आणि नंतर धुरी देऊन दुपट्यात गुंडाळण्याची पद्धत अजूनही घरोघरी आहे. ड्रॅव्हेच्या मुलांमध्ये ताप हेच एक आकडीचे निमित्त नसून शरीराचे तापमान कोणत्याही कारणाने वाढणे हे निमित्त ठरते, मग ते गरम पाणी असो, मे महिन्यातला घामट उकाडा असो किंवा उन्हात धावणे असो. आमच्या घरी नातीच्या दोन आकड्या न्हाणीतच आल्या होत्या आणि शेजारणींनी त्याचा संबंध नजर लागण्याशी जोडला होता. इथल्या डॉक्टरांनी पाणी कोमट ठेवायला, तेल हवे तर लावायला आणि धुरी पूर्ण बंद करायला सांगितले. घरच्या बायकांना हे पटायला वेळ लागला, पण डॉक्टरांनी आमच्या सूनबाईंना न सांगता थेट माझ्या पत्नीला समोर बसवून सांगितले, ही त्यांची व्यवहारकुशलता म्हटली पाहिजे.

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर ते प्रथम मोबाइलवरचे चित्रण मागतात. आकडीच्या वेळी चित्रण करत बसणे निर्दयपणाचे वाटते, तरी घरातल्या एकाने मुलाला कुशीवर वळवून सांभाळायचे आणि दुसऱ्याने चित्रण करायचे, असे ते स्पष्ट सांगतात. चित्रण पाहताना ते मध्येच थांबवून डोळे कुठे वळले आहेत, तोंडाची कोणती बाजू ओढली गेली आहे हे आम्हालाही दाखवतात. आमच्या नातीच्या दुसऱ्या वर्षीच्या चित्रणात ती वाटी उचलताना हात एकदम उडून पेज सांडताना दिसते. आम्ही ते तिच्या वेंधळेपणाचे लक्षण समजत होतो. डॉक्टरांनी तो तुकडा परत परत पाहिला आणि हा मायोक्लोनस, म्हणजे क्षणभराचा अपस्माराचाच झटका असल्याचे सांगितले.

या आजाराची चाल वयाप्रमाणे बदलते, आणि ती त्यांनी आम्हाला एकदम न सांगता भेटीगणिक सांगितली, हे मला योग्य वाटले. पहिल्या वर्षी तापातल्या लांबलेल्या आकड्या असतात आणि वाढ बहुधा नीट चाललेली असते. साधारण एक ते चार वर्षांच्या दरम्यान तापाशिवायही आकड्या येऊ लागतात आणि त्यांचे प्रकार वाढतात. सर्वांगाच्या मोठ्या आकडीबरोबर हे मायोक्लोनसचे झटके, मूल काही क्षण हरवल्यासारखे होणारी अनुपस्थितीची आकडी, एका बाजूच्या किंवा एका भागाच्या आकड्या, आणि कधी कधी तासन्‌तास मूल अर्धवट शुद्धीत, लाळ गाळत, अधूनमधून बारीक झटके देत राहण्याची अवस्था, असे सगळे एकाच मुलात दिसू शकते. याच काळात वाढीचा वेग मंदावतो. बोलणे उशिरा आणि तुटक येते, चाल डुगडुगती राहते, एका जागी बसवत नाही, झोप मोडते, काही मुलांत स्वमग्नतेची लक्षणे दिसतात. पुढे, शाळेच्या वयानंतर, आकड्या काहीशा कमी होतात आणि अनेकदा झोपेतच येतात. मात्र बौद्धिक अडचण राहते, कोणात सौम्य, कोणात तीव्र, आणि किशोरवयाकडे जाताना काही मुले गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखी चालू लागतात. आकड्या थांबवल्या की बुद्धीची वाढ आपोआप पूर्ववत होईल, अशी आमची समजूत होती. वाढीवरचा परिणाम काही अंशी त्या जनुकदोषाचाच असतो, त्यामुळे आकड्या आटोक्यात आल्यावरही बोलण्याचे आणि चालण्याचे उपचार चालूच ठेवावे लागतात, हे इथे प्रथम कळले.

ईईजीची, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख काढण्याची खोली लहान आहे आणि पंखा फार आवाज करतो, पण तंत्रज्ञ मुलगा कसबी आहे. आदल्या दिवशी केस धुऊन आणायला आणि तेल अजिबात लावू नका, असे बजावून सांगतात. खोबरेल तेलाने चप्प बसवलेल्या केसांवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. त्या मुलाने नातीच्या डोक्यावर फितीने मोजमापे घेऊन, केसांच्या भांगा-भांगांतून जागा घासून, पांढऱ्या चिकट लेपाने एकेक वायर बसवली आणि तेवढा वेळ तिच्याशी मांजरीविषयी बोलत राहिला. नंतर लुकलुकणाऱ्या दिव्याची चाचणी होते, कारण ड्रॅव्हेच्या काही मुलांना चमकत्या प्रकाशाने किंवा ठळक पट्ट्यापट्ट्यांच्या नक्षीनेही झटके येतात. गणपतीच्या मखराला लुकलुकणाऱ्या माळा लावता का, असे डॉक्टरांनी आम्हाला विचारले होते. आता आमच्या मखराला स्थिर उजेडाचे दिवे असतात आणि आरतीच्या गर्दीत नातीला ओटीवर, वाऱ्याला बसवले जाते.

इथे वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. या आजारात पहिल्या वर्षीचा ईईजी आणि एमआरआय हे दोन्ही पुष्कळदा नॉर्मल असतात. त्यामुळे ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नका’ हे वाक्य ऐकून पालक निश्चिंत होतात आणि आकड्या मात्र चालूच राहतात. मशिनपेक्षा हकिकतीला वजन देणारी ही ओपीडी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

शार्लट ड्रॅव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी मार्सेलमध्ये १९७८ साली या आजाराचे वर्णन केले, तेही अशाच बारकाईने नोंदलेल्या हकिकतींवरून. तेव्हा जनुकतपासणी नव्हतीच. २००१ साली बेल्जियममधील संशोधकांनी या मुलांमध्ये एससीएन१ए या जनुकातील बदल शोधून काढले. हे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते आणि मेंदूतील पेशींमधल्या एका सोडियम वाहिनीची घडण ठरवते. ती वाहिनी विशेषेकरून मेंदूतील शांत करणाऱ्या पेशींना लागते. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी व्हावा तसे होते, असे समुपदेशक बाईंनी आम्हाला सांगितले, आणि तेवढ्यावर माझ्या मुलाला पुढचे सगळे समजले. ड्रॅव्हेच्या दहातल्या आठ ते नऊ मुलांमध्ये या जनुकातला दोष सापडतो.

तपासणीसाठी जांभळ्या बुचाच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते बंगळुरूच्या प्रयोगशाळेत पाठवतात. खर्च पेन्शनरला दोनदा विचार करायला लावणारा आहे, आणि रुग्णालयाचा त्यात फारसा वाटा नसल्याने सवलत मिळत नाही. अहवाल यायला लागलेला वेळ आधी सांगितलेल्या मुदतीपेक्षा बराच अधिक होता आणि तो आल्याचा निरोपही आम्हाला आपणहून मिळाला नाही. पुढच्या ओपीडीला गेल्यावर तो फाइलीत लावलेला आढळला. ही हयगय आहे, आणि ज्या घरात रोज त्या कागदाची वाट पाहिली जाते, तिथे ती लहान हयगय नाही.

समुपदेशन मात्र उत्तम झाले. मुलीच्या आजाराचा दोष आमच्या भागात अजून आईच्या माथी मारला जातो. ग्रहणात सुरी हातात धरली, डोहाळे नीट पुरवले नाहीत, माहेरच्या घराण्यात कोणाला तरी घुरे, म्हणजे फेपरे, येत असेल, अशा गोष्टी आमच्याच घरात बोलल्या गेल्या होत्या. समुपदेशक बाईंनी दोन्ही घरच्या मंडळींना एकत्र बसवून सांगितले की, बहुतेक ड्रॅव्हेच्या मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला नसतो, आणि गरोदरपणात कोणी काय खाल्ले किंवा केले याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. आईवडिलांचे रक्त तपासून त्यात तो बदल नसल्याचे दिसले तरी पुढच्या अपत्याच्या वेळी सल्ला घ्यावा, कारण क्वचित पालकाच्या काही थोड्या पेशींमध्येच तो दडलेला असू शकतो, हेही त्यांनी लपवले नाही. सूनबाई त्या दिवशी परतीच्या गाडीत बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने बोलत होत्या.

लसीचा प्रश्न समुपदेशक बाईंनी स्वतःहून काढला. काही मुलांची पहिली आकडी लस टोचल्यानंतरच्या तापात येते, म्हणून पालक पुढच्या लसी बंद करतात. आमच्या वाडीतल्या दोन घरांनी आमच्या नातीचे ऐकून आपल्या धडधाकट मुलांचे लसीकरण थांबवले होते. लसीमुळे मेंदूला इजा झाली असे ज्यांच्याबाबत मानले जात होते अशा चौदा रुग्णांची तपासणी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केली, तेव्हा त्यांपैकी अकरा जणांत एससीएन१ए मधला दोष निघाला. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आजार आधीपासूनच होता, तापाने तो फक्त दिसू लागला. लसी चालू ठेवायच्या, तापावर लक्ष ठेवायचे आणि तातडीचे औषध हाताशी ठेवायचे, असा इथला सल्ला आहे. त्या दोन घरांना हे समजावायला मी नंतर स्वतः गेलो होतो.

औषधोपचाराविषयी लिहिताना इथल्या गुलाबी कार्डाचा उल्लेख करायलाच हवा. निदान झाल्यावर प्रत्येक ड्रॅव्हेच्या मुलाला एक कार्ड देतात, त्यावर चालू औषधांबरोबर टाळायच्या औषधांची यादी ठळक अक्षरांत असते: कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटोइन. ही सगळी अपस्माराची नेहमीची, इतर असंख्य रुग्णांना उपयोगी पडणारी औषधे आहेत. पण ती सोडियम वाहिन्यांना आणखी रोखतात, आणि ज्याची ती वाहिनी मुळातच अधू आहे त्या मुलाच्या आकड्या त्यांनी वाढू शकतात. आमच्या नातीला निदानापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी कार्बामाझेपिन सुरू केले होते. एका बाजूच्या आकडीला ते देणे पाठ्यपुस्तकाला धरूनच होते, त्यामुळे त्या डॉक्टरांना मी बोल लावणार नाही; परंतु औषध वाढवत गेल्यावर आकड्याही वाढत गेल्या, हे कोणाला खटकले नाही याचे दुःख आहे. आता तिला व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू आहे. आकड्या पूर्ण थांबलेल्या नाहीत, बहुतेक ड्रॅव्हेच्या मुलांत त्या पूर्ण थांबत नाहीत, पण लांबणाऱ्या आकड्या स्पष्टपणे कमी झाल्या आहेत. स्टिरिपेंटॉल, कॅनाबिडिऑल आणि फेनफ्लुरामाइन या नव्या औषधांची माहिती डॉक्टरांनी विचारल्यावर दिली. फेनफ्लुरामाइन हे एके काळी वजन कमी करण्यासाठी वापरले जात असे, हृदयाच्या झडपांवर परिणाम दिसल्याने १९९७ साली ते बाजारातून काढले गेले आणि २०२० साली अमेरिकेत ड्रॅव्हेसाठी, हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर, पुन्हा मंजूर झाले, हा इतिहास त्यांच्याकडूनच कळला. मात्र तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळण्यासारखी ही औषधे नाहीत, हेही त्यांनी सरळ सांगितले. उगाच आशा लावली नाही.

तातडीच्या औषधाबाबत मात्र या सेवेने अधिक जबाबदारी घ्यायला हवी. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि अर्ध्या तासापुढे मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. आमची वाडी डांबरी रस्त्यापासून पाखाडीने खाली आहे. १०८ ला फोन केला तरी गाडी वरच्या रस्त्याला येणार आणि मुलीला उचलून वर न्यावे लागणार, त्यामुळे पहिले औषध घरीच द्यावे लागते. त्यासाठी मिडॅझोलामचा नाकात मारायचा फवारा लिहून देतात. आपल्या बाजारात एका दाबाला ०.५ मिलिग्रॅम औषध देणाऱ्या आणि १.२५ मिलिग्रॅम देणाऱ्या अशा दोन्ही शक्तींच्या बाटल्या येतात. मात्रा वजनावर ठरते, साधारणपणे किलोला ०.२ मिलिग्रॅम. साडेबारा किलोच्या मुलाला अडीच मिलिग्रॅम द्यायचे झाले तर एका बाटलीचे पाच दाब लागतात आणि दुसरीचे दोनच. चिठ्ठीवर डॉक्टरांनी नुसते ‘पाच फवारे’ लिहिले होते, शक्ती लिहिली नव्हती. दुकानदाराने त्याच्याकडे होती ती, म्हणजे जास्त शक्तीची बाटली दिली. माझ्या मुलाने घरी लेबल वाचले म्हणून ते लक्षात आले. न वाचता पाच दाब दिले असते तर मुलीच्या श्वासावर बेतले असते. ही त्रुटी मी लेखी कळवली, आणि आता चिठ्ठीवर मिलिग्रॅम व दाबांची संख्या दोन्ही लिहितात, असे पुढच्या खेपेस दिसले. नवी बाटली पहिल्यांदा वापरण्याआधी हवेत काही दाब देऊन पंप भरून घ्यावा लागतो, हेही कोणी सांगितले नव्हते. ते बाटलीसोबतच्या कागदावर बारीक इंग्रजीत होते.

महिनाभराच्या मधल्या काळासाठी एक दूरध्वनी क्रमांक देतात. दुपारी तो लागतो, तेव्हा रुग्णालयाच्या कार्यालयातले गृहस्थ निरोप लिहून घेतात आणि उत्तर यायला दोन-तीन दिवस जातात. पावसाळ्यात क्लोबाझामचा साठा गावच्या दुकानात संपला, तेव्हा गोळी अचानक बंद होऊ देणे धोक्याचे असते हे माहीत असूनही आम्हाला कणकवली आणि कुडाळ पालथे घालावे लागले. ओपीडीच्या दिवशी दोन महिन्यांची औषधे देण्याची सोय रुग्णालयाच्या औषधालयाने केली, तर अर्धे पालक दुवा देतील. हा प्रश्न पैशांपेक्षा नियोजनाचा आहे.

आहारतज्ज्ञांविषयी थोडी नाराजी आहे. कीटोजेनिक आहार, म्हणजे जास्तीत जास्त स्निग्धांश आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थ असलेला वैद्यकीय देखरेखीखालचा आहार, ड्रॅव्हेच्या काही मुलांना चांगला लागू पडतो. आम्हाला दिलेला तक्ता मात्र पनीर, चीज आणि मलईने भरलेला होता. ज्या घरात सकाळ उकड्या तांदळाच्या पेजेने आणि दुपार माशाच्या कालवणाने होते, तिथे भात काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवायचे, हे खोबरे, खोबरेल तेल, अंडी, बांगडे, तारली यांच्या हिशेबाने मांडून द्यायला हवे होते. बाईंनी ऐकून घेतले आणि नवा तक्ता करते म्हणाल्या. तो अजून हाती आलेला नाही, म्हणून आम्ही तो आहार सुरू केलेला नाही.

सरकारी सोयींची माहिती इथे नीट मिळते, हे आवर्जून नोंदवतो. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वाचाउपचार आणि फिजिओथेरपी मिळू शकते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, आणि बौद्धिक अक्षमता असल्यास निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते, हे समाजसेवा विभागातल्या तरुणाने अर्ज समोर ठेवून समजावले. त्याने आमच्याकडून तिथेच फॉर्म भरून घेतला, फोटो कमी पडला तर शेजारच्या स्टुडिओत पाठवले. असा एक माणूस असला की कागदपत्रांची धास्ती उरत नाही.

एका विषयावर डॉक्टर स्वतः बोलतात आणि तेव्हा दार लावून घेतात. ड्रॅव्हेच्या मुलांमध्ये अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू येण्याचा धोका इतर अपस्मारांपेक्षा जास्त असतो. हे सांगावे की सांगू नये यावर पालकांत दोन मते आहेत; एका बाईंनी मला रागाने म्हटले की, हे ऐकल्यापासून त्यांची झोप उडाली. माझे मत सांगावे असेच आहे, कारण त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते करता येण्यासारखे होते: मुलीला एकटे झोपवू नये, मऊ उशी नको, रात्रीची मात्रा कधीही चुकवू नये, आकडीनंतर ती कुशीवर आणि श्वास नीट चालू आहे ना ते पाहावे. माझ्या पत्नीने, देवाला गाऱ्हाणे घातले तर चालेल ना, असे विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘आजी, गाऱ्हाणे जरूर घाला, पण रात्रीची गोळी दिल्यावर घाला.’ ती सूचना आमच्या घरात आजतागायत पाळली जाते.

नव्याने जाणाऱ्यांनी आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, लसीकरणाचे कार्ड, आकड्यांच्या तारखा व मिनिटे लिहिलेली वही आणि मोबाइलवरचे चित्रण सोबत न्यावे. ज्याने प्रत्यक्ष आकडी पाहिली आहे त्यानेच मुलासोबत जावे. नुसते वडील गेले आणि आई घरी राहिली तर अर्ध्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. उकाड्याच्या महिन्यांत ओला टॉवेल, पाण्याची बाटली आणि तातडीचे औषध पिशवीत वरच ठेवावे, कारण प्रतीक्षेची जागा पत्र्याच्या छपराखाली आहे आणि दुपारी बारानंतर तिथे मोठ्यांनाही बसवत नाही. उष्णतेने आकडी येणाऱ्या मुलांना तापत्या पत्र्याखाली बसवून ठेवणे हे या ओपीडीच्या व्यवस्थेतले सर्वांत न समजणारे वैगुण्य आहे. तक्रारवहीत मी ते लिहिले, तेव्हा आतल्या व्हरांड्यात बाके हलवण्याचे आश्वासन मिळाले. गेल्या खेपेला बाके हललेली होती, पंखे मात्र बसायचे होते.